टॅटू अन् जन्माचा लाल डाग, एकाच लेझरनं जातो का?

प्रश्न: ताई, कॉलेजात असताना मनगटावर टॅटू काढला होता, काळ्या अक्षरात एक नाव अन् बाजूला हिरवं मोरपीस. आता फेब्रुवारीत लग्न आहे अन् ते नाव होणाऱ्या नवऱ्याचं नाही. माझ्या चार महिन्यांच्या भाचीलाही जन्मापासून डोळ्यापासून गालापर्यंत वाइन कलरचा डाग आहे. बर्डीवर एका ठिकाणी म्हणाले, एकाच मशीननं दोन्ही जाईल, दोन सिटिंगमध्ये. खरंय का? (नागपूरची एक वाचक)

उत्तर: नाही गं. दोन्हीला लेझरच म्हणतात पण मशीन वेगळं. टॅटूला क्यू स्विच्ड नाहीतर पिको लेझर लागतो, तो शाईचे कण फोडतो अन् मग शरीरातल्या पेशी तो चुरा हळूहळू उचलून नेतात, म्हणून दोन सिटिंगच्या मधे 6 ते 8 आठवडे थांबायचं असतं. काळी शाई 1064 नॅनोमीटरवर (म्हणजे लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी) चांगली निघते, आपल्या सावळ्या रंगाला तोच त्यातल्या त्यात सेफ. मोरपीस मात्र त्याला दाद देणार नाही, हिरव्याला 694 किंवा 755 वालं मशीन पाहिजे, ते सगळीकडे नसतं. शॉट बसला की चट्ट आवाज होतो अन् अक्षरं पांढरीफटक पडतात, ते अर्ध्या तासात उतरतं, तेव्हा नाव गेलं म्हणून लगेच खूश होऊ नको. फेब्रुवारीपर्यंत पुसट होईल, पूर्ण जाईल असं मी तरी सांगणार नाही, बाकी झाकायला हिरवा चुडा आहेच. खपली असेल तिथे मेंदी नको, अन् उन्हानं रापलेल्या हातावर शॉट नको, भाजून पांढरे डाग पडतात.

भाचीचं जास्त महत्त्वाचं. जन्मापासूनचा सपाट डाग म्हणजे बहुतेक पोर्ट वाइन स्टेन, बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, आपोआप जात नाही. त्याला 595 नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर, तो रक्तातलं हिमोग्लोबिन धरतो, बऱ्याच सिटिंग लागतात अन् प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस जांभळं दिसतं. पण आधी डोळे तपासा! डाग पापणीवर किंवा कपाळावर असेल तर काचबिंदू होऊ शकतो, कधी फिट्सही येतात, त्यामुळे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या अन् मुलांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. डाग उंच होऊन वाढत चालला असेल तर तो हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असू शकतो, त्याला आधी लेझर नाहीच, प्रोप्रॅनोलॉल देतात, मुळात बीपीचं औषध, 2008 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांच्या योगायोगानंच लक्षात आलं की यानं गाठ बसते. मनानं मात्र देऊ नका.

बर्डीवाल्यांना मशीनचं नाव अन् नॅनोमीटर विचार, उत्तर नाही आलं तर सरळ निघून ये.