चूक झाली तर आधी पेशंटकडे जा

अगं, चुकीचं औषध गेलंय असं लक्षात आलं की रडत बसू नकोस, आधी पेशंटकडे जा. बीपी, शुगर, शुद्ध बघ. ड्युटी डॉक्टरांना लगेच सांग, मग इन्चार्ज सिस्टरना. केसपेपरवर काय, किती, किती वाजता दिलं ते जसंच्या तसं लिही. खाडाखोड नको.

सांगलीतल्या वॉर्डात नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी दर मिलीला १०० युनिटचं इन्सुलिन दर मिलीला ४० युनिटच्या, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं होतं. म्हणजे अडीचपट डोस! टोचायच्या आधी शेजारच्या सिस्टरनी हात धरला. तेव्हापासून इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड अशी जोखमीची औषधं दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय मी देत नाही. पोटॅशियम तर थेट शिरेत कधीच नाही. सलाइनमध्ये मिसळून, सावकाश.

औषध काढताना नातेवाईक हाका मारतात. 'दोन मिनिटं थांबा' म्हण, त्यात उद्धटपणा नाही.

आणि नाईट संपवून घरी गेल्यावरही झोप लागत नसेल, ड्युटीच्या विचारानंच छाती धडधडत असेल, तर एकटी कुढू नकोस. मला कधीही फोन कर. माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.