टोरांटोच्या थंडीत गाडी धुवावी की मार्चपर्यंत तशीच ठेवावी?

धुवा, पण पारा ० अंशाच्या वर असेल त्या दिवशी, दुपारी. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ चिखलाबरोबर गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा गंजवतं, म्हणून वरच्या चकाकीपेक्षा खालून मारलेला फवारा महत्त्वाचा. मिठाचा थर कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. गारठलेल्या काचेवर उकळतं पाणी तर अजिबात नको, तडकेल. शेवटी दारांची रबरं नीट पुसा, दारं दोन-तीनदा उघडझाप करा. नाहीतर पाणी गोठून दार चिकटेल आणि सकाळी ओढत बसाल. उणे १० च्या खाली मात्र राहूच द्या. आणि घरासमोर धुणार असाल, तर सांडलेल्या पाण्याचा बर्फ होतो. घसरून आपटायची पाळी आपलीच!