भुलीबद्दल तुमचे प्रश्न

पहिल्या सीझरला कमरेत इंजेक्शन दिलं होतं, मूल आता ४ वर्षांचं झालं तरी कंबर दुखतेच. सासूबाई म्हणतात त्या इंजेक्शननेच झालं. पुढच्या महिन्यात दुसरं सीझर आहे, यावेळी पूर्ण भूल मागू का? (एक ताई, सांगली)

ताई, हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. स्पायनलची, म्हणजे कमरेत देतात त्या भुलीच्या इंजेक्शनची, सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकू शकते पण ४ वर्षं नाही. मज्जारज्जूला धक्का लागेल अशी भीती असते बऱ्याच जणींना, तर तो कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि आम्ही सुई त्याच्या खाली घालतो. मग कंबर दुखते कशाने? नऊ महिने पोटाचं वजन पुढे ओढतं, सांधे सैल पडतात, पोटाच्या स्नायूंचा आधार जातो, आणि मग वाकून पाजणं, बाळाला कडेवर घेऊन सगळी कामं... नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या, कधीच सुई न टोचलेल्या बायकांचीही कंबर दुखतेच की. स्पायनलने खरोखर होऊ शकतं ते म्हणजे डोकेदुखी, उठून बसलं की वाढते आणि आडवं पडलं की कमी होते, तसं झालं तर अंगावर काढू नका, त्यावर उपचार आहेत.

गरोदरपणात पूर्ण भूल दिली तर पोटातलं आम्ल वर यायची भीती जास्त, श्वासाची नळी घालणंही अवघड जातं, म्हणून शक्य असेल तिथे आम्ही स्पायनलच देतो. बाळाचा पहिला ट्यांहाही ऐकायला मिळतो, तो चुकवू नका असं मला मनापासून वाटतं. पण ४ वर्षांचं दुखणं हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

बाबांनी सकाळी कपभर चहा घेतला म्हणून हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकललं. एवढ्याशा चहाने काय बिघडतं? (एक वाचक, नाशिक)

गाढ भूल दिली की ठसका लागायची, खोकायची ताकदच जाते. पोटात जे असेल ते वर येऊन फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, जिवावर बेतू शकतं. दुधाचा चहा म्हणजे दूधच धरायचं, म्हणजे ६ तास. हलकं खाणंही ६ तास, तळलेलं किंवा मटण असेल तर ८. साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं, त्यामुळे रात्रीपासून घसा कोरडा करून बसायचीही गरज नसते, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

एकदा एक आजोबा टेबलावर होते, काही खाल्लंय का विचारलं तर ठामपणे नाही म्हणाले, आणि मी सलाईन लावायला वाकले तर मिशीत बिस्किटाचा चुरा. परत विचारलं तर म्हणाले, "अहो, चहा-बिस्किट म्हणजे काय खाणं झालं का?" त्यांना वाटलं डॉक्टर रागावतील. ऑपरेशन दुपारी केलं, सगळं नीट झालं, पण तो चुरा दिसला नसता तर, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

भूल दिल्यावर भूलतज्ज्ञांचं काम संपतं ना? मग वेगळं बिल कशाचं? (एक काका, पुणे)

काका, खरं काम तिथून सुरू होतं. एमबीबीएसनंतर एमडी करायला आणखी ३ वर्षं लागतात, आणि ऑपरेशन चालू असताना आम्ही पेशंटच्या डोक्याशीच असतो. बीपी, नाडी, ऑक्सिजन, श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड, किती रक्त गेलं, सगळ्यावर लक्ष ठेवून मिनिटामिनिटाला औषध कमीजास्त करतो. सर्जनचं लक्ष जखमेवर असतं, अख्ख्या माणसावर आमचं. शेवटचा टाका पडल्यावर पेशंट डोळे उघडतो, स्वतः श्वास घेतो, "हात घट्ट दाबा" म्हटलं की दाबतो, मगच आम्ही नळी काढतो आणि तरीही रिकव्हरीत लक्ष असतंच. म्हणून तपासणीला याल तेव्हा हलणारा दात, कवळी, तंबाखू, मिश्री, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तो, सगळं सांगा. कुणी ओरडणार नाही. काकूंना नेलपेंट लावायची सवय असेल तर तेही काढून यायला सांगा, ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटालाच लावायचा असतो.