उत्तर: जुन्या गेमचं पार्सल अडकलंय आणि ऑफिस पक्कं बिल मागतंय

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मामांच्या माळ्यावर सापडलेला सामुराईचा व्हिडिओ गेम सेट, बॉक्ससकट, सोबत गेमच्या सात कॅसेटी. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाने अर्धे पैसे टाकले, तुम्ही आर्वीहून पार्सल लावलं, आणि आता ते कुरिअरच्या जिल्ह्याच्या ऑफिसात पडून आहे, कारण काउंटरवरचा म्हणतो, पक्कं बिल आणा, नाहीतर माल हलणार नाही. हे सगळं माझ्या अंगावरून गेलेलं आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

कॅसेट फुंकू नये, पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसाव्या, या गोष्टी इथे सगळ्यांना माहीत आहेत, त्या सोडतो. किमतीचंही थोडक्यात. २०२१ मध्ये अमेरिकेत मारिओ ६४ या गेमची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, ती बातमी दाखवून खाली कमेंटमध्ये कोणी तुम्हाला करोडपती करत असेल तर त्याचं ऐकू नका. तो सीलबंद, ग्रेडिंग केलेल्या (म्हणजे तपासून दर्जा ठरवलेल्या) मालाचा बाजार आहे. आपल्याकडच्या घरात पोट्ट्यांनी खेळून घासलेल्या सेटचा त्याच्याशी संबंध नाही. पण सामुराई ही निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या सेटची भारतातली अधिकृत विक्री होती, ‘९९९९ इन १’ वाली नक्कल नव्हे, त्यामुळे तुमचं गिऱ्हाईक वेडं नाही. आणि ते पैसे मुख्यतः बॉक्सचे देतंय हे लक्षात ठेवा. मशीन दुसरंही मिळतं. नव्वदच्या दशकातला पुठ्ठ्याचा बॉक्स वाळवी, उंदीर आणि दिवाळीची साफसफाई यातून वाचलेला सहसा मिळत नाही.

आता बिलाचं.

माझा माल होता सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह, तोही टीव्हीला जोडायचा गेमचा सेट. शॉ वॉलेसने, म्हणजे दारूच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, १९९५ मध्ये तो भारतात आणला होता, किंमत १८ हजार रुपये. त्या काळात आमच्या दारव्ह्याकडे एवढ्या पैशात कोणी खेळणं घेईल असं वाटत नव्हतं, पण हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्यांच्या वाड्यात तो निघाला. थर्माकोल, पुस्तिका, दोन रिमोट, बॉक्सचे चारही कोपरे शाबूत. कोचीच्या एका संग्राहकाशी सौदा ठरला. मे महिना होता. तालुक्याच्या ठिकाणच्या एका खाजगी कुरिअरच्या शाखेत पार्सल दिलं. नाव घेत नाही, कारण शाखा चालवणारा पोरगा बदलला आणि नावाने भांडण वाढण्यापलीकडे काही होत नाही.

त्या पोराने विचारलं, ‘आत काय हाय?’ मी सांगितलं जुना व्हिडिओ गेम. त्याने पावतीवर लिहिलं ‘टॉय’. किमतीच्या रकान्यात स्वतःच्या मनाने एक गोल आकडा टाकला. सगळ्यांच्याच पावतीवर तो तोच आकडा टाकत होता. मी म्हटलं, बाबू, नीट लिही ना. ‘तेवढं चालते भाऊ, सिस्टिम लहानच घेते.’

पुढचा सगळा घोळ या एका शब्दातून निघाला. जिल्ह्याच्या ऑफिसात तपासणीत आत सर्किट दिसलं. खेळणं लिहिलंय आणि निघालं इलेक्ट्रॉनिक, म्हणजे माहिती जुळत नाही, म्हणजे माल बाजूला. मला कोणी कळवलं नाही. मोबाइलवर पार्सल ‘मार्गस्थ’ दाखवून राहिलं होतं. कोचीच्या माणसाचे मेसेज यायला लागले तेव्हा मी गाडी काढून गेलो, तर तिथल्या साहेबांनी बिल मागितलं. तीस वर्षं जुन्या वस्तूचं पक्कं बिल! आजीच्या पाटल्यांची पावती मागण्यासारखंच झालं. मी सांगितलं, वापरलेली घरची वस्तू आहे, बिल कुठून आणू? त्यावर अगदी आपुलकीने म्हणाले, ‘भाऊ, कोण्याही मोबाइलच्या दुकानातून एक बिल बनवून आना न. आमाले फक्त कागद पाह्यजे.’

तुम्हालाही कोणीतरी हाच सल्ला देईल, कदाचित दिलाही असेल. हे अजिबात करू नका. याबाबतीत माझं मत टोकाचं आहे आणि ते बदलणार नाही.

माल न विकता बिल फाडणं हा जीएसटी कायद्याखाली दुकानदाराचा गुन्हा आहे, ही झाली पहिली गोष्ट. पण त्याहून वाईट म्हणजे त्या बिलाने तुमचीच बाजू जाते. ग्राहक म्हणून उद्या तुम्ही भांडायला उभे राहिलात तर समोरचा तोच कागद दाखवेल: हा माल दुकानाचा, सेवा व्यापारासाठी घेतली, हे ग्राहकच नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बाहेर ठेवलेली आहे (पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराची सवलत सोडून). म्हणजे ऑफिसने स्वतःच्या सोयीसाठी मागितलेला कागद तुमच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेतो.

मग काय द्यायचं? साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र. माझ्या मालकीची, वापरलेली, वैयक्तिक वस्तू आहे, नग किती, कोणती, आत सुटी बॅटरी नाही, ठरलेली किंमत अमुक, खाली सही, आणि ओळखपत्राची प्रत, तीवर ‘फक्त या पार्सलसाठी’ असं आडवं लिहून. काही ठिकाणी स्टॅम्पपेपरचा आग्रह धरतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आपल्या राज्यात शंभराचा स्टॅम्प पाचशेवर गेला आहे, तेव्हा आधी विचारा की ही अट कुठे लिहिली आहे. बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसते आणि मग साध्या कागदावर काम होतं.

इ-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीतल्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचा, बागुलबुवाही दाखवतात. एक तर तो ५० हजारांवरच्या मालाला लागतो, आणि दुसरं म्हणजे वापरलेलं वैयक्तिक व घरगुती सामान त्या नियमाच्या परिशिष्टात सूट दिलेल्या यादीत आहे. जीएसटीच्या त्या नियम १३८ च्या परिशिष्टाची प्रिंट खिशात ठेवा. वाद घालू नका, फक्त काउंटरवर ठेवा. आवाज चढवला की माणूस अडून बसतो. छापील कागद पाहिला की निदान वरच्याला फोन तरी लावतो.

जीएसटी तुम्हाला लागतो का, असं खाली कमेंटमध्ये एकाने विचारलंय. माझ्या समजुतीप्रमाणे माळ्यावरची स्वतःची एक वस्तू विकणं हा व्यवसाय नाही, म्हणून नाही. पण तुम्ही गावोगावच्या भंगारवाल्यांकडून सेट गोळा करून बेंगळुरू, कोची, दिल्लीला नेहमी विकायला लागलात तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्री यातल्या फरकावरच कर भरायची सोय नियम ३२(५) मध्ये आहे, हे मात्र बऱ्याच सीएंनाही आठवण करून द्यावं लागतं. मी वकील नाही, सीए नाही, नियम बदलत असतात. तुमच्या ओळखीच्या कोणाला तरी विचारूनच पुढे जा.

माझ्या पार्सलचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही घाई का करायची ते कळेल. मी दुकानाचं बिल आणलं नाही, घोषणापत्र दिलं. साहेबांनी ते घेतलं, ‘वर पाठवतो’ म्हणाले, आणि कागद कुठेतरी दाबून ठेवला. पोच मागितली तर म्हणाले, इथे पोच देत नसतात. माल ठेवायची जागा म्हणजे मागचं टिनाचं शेड. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर आणि शेडच्या आत त्याहूनही जास्त. कॅसेटींच्या लेबलांचा गोंद पाझरून कडा सुटल्या. ते एक वेळ चाललं असतं. पुढे कपाशीच्या बियाण्याची आणि औषधांची पार्सलं धडकली, आमचं खाली गेलं. मग मृगाचा पहिला पाऊस आला आणि टिन गळलं.

पार्सल परत आलं ते परतीचं भाडं मागत. मशीन चालू होतं, आजही चालतं. बॉक्स मात्र ओला होऊन, खालून फुगून, वाळून वाकडा झालेला, वर कुठल्या तरी खोक्याची निळी शाई उतरलेली. कोचीच्या माणसाने सौदा मोडला आणि त्याचं बरोबरच होतं. भरपाई मागायला गेलो तर प्रश्न आला, आत काय होतं याचा पुरावा काय? पावतीवर तर ‘टॉय’ आणि तो गोल आकडा. मी नोटीस पाठवली, त्यांनी भाडं परत केलं, बाकी शून्य. पुढे ग्राहक आयोगात जायला पाहिजे होतं असं आमच्याकडचे सगळे म्हणतात. पण त्याच दिवसांत पेरणी होती, वडील दवाखान्यात होते. असो.

तेव्हा तुमचं पार्सल अजून अडकलेलं आहे, हरवलेलं नाही, याचा फायदा घ्या. उद्याच लेखी अर्ज करा: पार्सल क्रमांक, घोषणापत्र जोडलं आहे, माल पुढे पाठवा किंवा कोणत्या लेखी नियमाखाली थांबवला आहे ते कळवा. तो हाताने देऊ नका, ईमेल करा आणि एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा, म्हणजे पोचेचा प्रश्नच उरत नाही. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. नुसता तो क्रमांक ईमेलमध्ये टाकला की बऱ्याच कंपन्यांचं मुख्य कार्यालय जागं होतं. नुकसान झालंच तर रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. त्या कायद्यात कुरिअर एजन्सीही येते. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथूनच तक्रार करता येते, बेंगळुरूला जायची गरज नाही. फी आकारली जाते ती तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशावर, आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत दोन वर्षं.

आणि बेंगळुरूवाल्याला आजच खरं सांगा. पावतीचा आणि अर्जाचा फोटो पाठवा. संग्राहक लोक उशीर सहन करतात, गप्प बसलेला विक्रेता त्यांना खपत नाही.

पुढच्या वेळेसाठी: मी आता पोस्टाशिवाय काही पाठवत नाही. स्पीड पोस्टला विमा उतरवता येतो, आणि खिडकीवरचे काका कितीही खेकसले तरी तुम्ही सांगाल ते लिहून घेतात. हा माझा अनुभव, दुसऱ्यांचा उलटही असेल. पावतीवर ‘वापरलेला व्हिडिओ गेम’ एवढं तरी आलंच पाहिजे. बॉक्स बंद करताना सलग व्हिडिओ काढा, त्यात वजनकाटा दिसू द्या. ज्यात खेळ अर्ध्यावर सेव्ह करता येतो अशा काही कॅसेटींच्या आत लिथियमची गोल बॅटरी झाळलेली असते, ती असल्यास आधी सांगा, नाहीतर विमानाच्या तपासणीत अडकते. मूळ बॉक्सवर आधी प्लास्टिकची पिशवी, मग दुसरं जाड खोकं, मधे बुडबुड्यांचं प्लास्टिक. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आणि घरचा कापूस तर मुळीच भरू नका, आमच्या एका दोस्ताने सरकीसकट भरला होता. त्याचे तंतू कॅसेटच्या खाचेत गेले आणि कापूस ओल धरतो ते वेगळंच. परत माळ्यावर ठेवायची वेळ आली तर डांबरगोळ्या टाकू नका, काही प्लास्टिक त्याने मऊ पडून चिकट होतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि लोखंडी पेटी पुरते.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुम्ही लिहिलंय की पाठवायच्या आधी ‘चालू करून बघितला, दिवा लागला नाही’. कोणत्या अडॅप्टरने बघितलं? घरोघरी सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा पडलेला असतो, त्यात मधली पिन धन असते. जपानी फॅमिकॉम (निन्टेंडोचाच जपानमधला सेट) आणि पहिल्या मॉडेलचा मेगा ड्राइव्ह यांना मधली पिन ऋण लागते, दुसऱ्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हला परत धन. मूळ निन्टेंडोच्या (एनईएस) आत करंट सरळ करून घेणारं सर्किट असतं, त्यामुळे तो उलट्या पिनेने सहसा जळत नाही, पण १२ व्होल्ट त्याला नको. त्यात आपल्याकडे शेतीच्या लाइनीवर व्होल्टेज कसं उड्या मारतं ते तुम्ही जाणताच. गिऱ्हाइकाला ‘चालू आहे’ असं सांगितलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. अडॅप्टरवरच्या स्टिकरचा आणि सेटच्या पोटाखालच्या लेबलचा फोटो असेल तर टाका, बघून सांगतो.