एमबीबीएसनंतर आरोग्यातली विषमता कमी करण्याच्या कामात डॉक्टरला करिअर करता येतं का?

येतं. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, ‘म्हणजे गरिबांना फुकट तपासायचं, एवढंच ना?’, त्याबद्दल आधी बोलतो. फुकट तपासणं चांगलंच, जमेल त्याने जरूर करावं. त्याने विषमता मात्र हलत नाही. जो तुमच्या दारापर्यंत आला त्याचे पैसे वाचले, बस. जो आलाच नाही तो ओपीडीच्या रजिस्टरात दिसतच नाही, आणि या क्षेत्रातलं निम्मं काम त्या न आलेल्या माणसाचा माग काढण्याचं आहे.

मी पीएसएमवाला, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनवाला, आजार होऊ नयेत आणि समाजाचं आरोग्य सुधारावं यावर काम करणाऱ्या शाखेचा. आदिवासी भागातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर होतो, मग एमडी केलं, आता आशाताई आणि सिस्टर यांच्या प्रशिक्षणात असतो. (पीएसएम घेतल्यावर मित्र विचारतात, ‘पीजीच्या प्रवेशात रँक गेली का रे?’ तुम्हालाही विचारतील.)

डॉक्टरचं असं करिअर पाहायचं असेल तर परदेशात शोधायला नको, जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९७० मध्ये ते जामखेडला आले. नगर जिल्ह्याचा कायम दुष्काळी कोपरा. दवाखाना चालायला लागला, गर्दीही झाली. पण येणारे बरेचसे आजार मुळात व्हायलाच नको होते असे. मग त्यांनी नर्सबाईंना गावोगाव पाठवून पाहिलं. त्या खेड्यात राहायला तयार नसत आणि बायका त्यांचं फारसं ऐकत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यायची असं ठरलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला मुक्कामाला येत. जेवण एकत्र, झोपणं एकत्र. गावात ज्यांचा पाणवठा वेगळा, त्या इथे एका पांघरुणात झोपत. गरोदर बाई तपासणं, बाळंतपण, जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं हे त्या शिकल्याच. पण माझ्या मते त्या मुक्कामाचं मोल अभ्यासक्रमापेक्षा जास्त होतं.

त्यांची बोअरची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. दुष्काळात गावांत हातपंप बसवायचे होते. आरोळ्यांनी काय केलं, तर जागा दलित वस्तीत पाहायला लावली. पाणी हवं असेल तर वरच्या आळीतल्या बायकांनी हंडा घेऊन तिकडे यायचं. भाषण नाही, मोर्चा नाही. पंप कुठे बसवायचा हा निर्णय मला कुठल्याही अँटिबायोटिकइतकाच वैद्यकीय वाटतो, कारण जुलाबाने कुणाचं मूल दगावतं हे त्या जागेवर ठरत होतं. पुढे १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचा संग्रह काढला त्यात जामखेड होतं, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं.

दुसरं नाव तुम्हाला ठाऊक असणारच, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. त्यांच्या गडचिरोलीतल्या कामाबद्दल इतकं छापून येतं की त्यातला कामाचा भाग हरवतो. तो भाग म्हणजे मोजणी. न्यूमोनियाने बालमृत्यू होतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण स्टेथोस्कोप लावायला गावात डॉक्टर नाही आणि गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूताला साठपर्यंत मोजता येईलच असं नाही. म्हणून त्यांनी लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन रांगा आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पाच हिरवे मणी आणि मग लाल, मोठ्याला चार हिरवे आणि मग लाल. वाळू संपायच्या आत लालपर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. नवजात बाळांचंही तसंच. घरी जाऊन वजन, ऊब, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्गात इंजेक्शन, हे सगळं गावातल्या बाईने करायचं. डॉक्टरमंडळींनी नाकं मुरडली. पण त्यांच्याकडे तुलनेसाठी हा उपाय न केलेली गावं होती, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरभेटी देतात, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा आणि घरच्या बाळंतपणानंतर सात, त्याचं मूळ इथे आहे. अर्थात इंजेक्शन सरकारने आशाताईच्या हातात दिलं नाही, आणि सगळ्या भेटी पूर्ण केल्याचे तिला मिळतात २५० रुपये. यावर मला बरंच बोलता येईल, पण विषय भरकटेल.

आता तुम्ही काय करायचं? क्लिनिकल हात सोडू नका. ज्या डॉक्टरला सिझेरियनची वेळ ओळखता येत नाही, त्याच्या धोरणाला सिस्टरही विचारत नाहीत. त्याच्या जोडीला मोजणी शिका. मग ते पीएसएममधून असो, फॅमिली मेडिसिनमधून असो की एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून.

आणि फॉर्म वाचायला शिका. मातामृत्यूच्या चौकशीचे कागद मी बरेच पाहिलेत. कारणाच्या जागी हमखास एक वाक्य असतं, ‘नातेवाईकांनी रुग्णास उशिरा आणले.’ झालं, फाइल बंद. एकदा अशाच एका पाड्यावर आम्ही त्या घरी जाऊन रात्रीचा हिशेब लावला. कळा कधी सुरू झाल्या, फोनला रेंज मिळवायला दीर टेकडीवर कधी गेला, १०८ची रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथे किती वेळ उभी होती, बाजेवरून नाला कसा ओलांडला, आणि मग पहिल्या दवाखान्यातून ‘रक्त नाही’ म्हणून पुढे कधी पाठवलं. घरच्यांनी निर्णय घ्यायला जेमतेम अर्धा तास लावला होता. बाकीचा सगळा उशीर आपला, म्हणजे यंत्रणेचा. फॉर्म भरणारा डॉक्टर त्या नाल्यापर्यंत गेला नव्हता, म्हणून दोष नातेवाईकांच्या नावावर जमा झाला. हा रकाना खरा भरणं हेही या करिअरमधलंच काम, आणि त्याने वरिष्ठ खूश होत नाहीत हेही आधीच सांगून ठेवतो.

पैशाचं म्हणाल, तर प्रॅक्टिस करणाऱ्या मित्राची बरोबरी होणार नाही. बऱ्याच जागा कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. घरच्यांना हे आत्ताच सांगा, लग्न ठरताना नको.

बॉण्डची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची, पोस्टिंग येईल तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणाजवळची पीएचसी मिळवायला धडपडू नका. लांबची घ्या, क्वार्टरमध्ये राहा, आणि पहिल्या महिन्यात आशाताईंसोबत बसून गेल्या वर्षी गावात जन्मलेल्या आणि दगावलेल्या प्रत्येक बाळाची यादी करा. ती रजिस्टरशी ताडून पाहिलीत की पुढे कशात हात घालायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.