‘लाइव्ह ॲट द रीगल’ कसे ऐकावे

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे ध्वनिमुद्रण मिळाले. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारातले गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’ या अल्बममधील सोलो (एकट्या गिटारचे तुकडे) तू स्वरशः बसवले आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या स्वरांमधल्या मोकळ्या जागा तू भरून टाकल्या आहेस, आणि माझ्या मते या अल्बमचा प्राण त्या जागांतच आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हा कार्यक्रम २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या दक्षिण भागातील रीगल थिएटरमध्ये मुद्रित झाला. समोरचे श्रोते प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते, आणि त्या वस्तीतील कितीतरी कुटुंबे मिसिसिपीसारख्या दक्षिणी राज्यांतून पोटापाण्यासाठी उत्तरेकडे आलेली होती. किंग स्वतःही मिसिसिपीतलेच, कापसाच्या शेतात राबलेले. त्यामुळे या मुद्रणातील श्रोत्यांचा आवाज गोंगाट समजून दुर्लक्षू नकोस. ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’ हे गाणे सुरू करण्यापूर्वी किंग श्रोत्यांना विनवतात की, माझ्या गाण्यापेक्षा किंवा बँडपेक्षा शब्दांकडे लक्ष द्या. ज्या अल्बमला जग इलेक्ट्रिक ब्लूज गिटारचा मानदंड मानते, त्यात वादकाचे मागणे हे आहे! मग गाण्यातल्या प्रेयसीला नवी फोर्ड दिली तर कॅडिलॅकच हवी होती, अशा तक्रारी एकावर एक चढत जातात, शेवटी ‘तुला सात मुले दिली, तर आता ती परत द्यायची म्हणतेस’ ही ओळ येते आणि सगळे थिएटर ओरडून उठते.

किंग गाताना गिटार वाजवत नसत. बारा मात्राखंडांच्या (बारांच्या) ब्लूजमध्ये चार-चार खंडांच्या तीन ओळी असतात. साधारणपणे ओळीच्या पहिल्या निम्म्या भागात गळा बोलतो आणि उरलेल्या भागात गिटार त्याला उत्तर देते. याच अल्बममधले ‘स्वीट लिटल एंजल’ ऐकताना केवळ हे उत्तर केव्हा सुरू होते आणि किती लवकर थांबते, एवढेच टिपून ठेव. अनेकदा तीन-चार स्वरच येतात, पण शेवटचा स्वर त्यांच्या हातून लवकर सुटत नाही. त्यांच्या आईचे नातलग बुका व्हाइट स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, वापरून गिटार वाजवत. ते तंत्र किंग यांना साधेना, म्हणून तसा आवाज काढण्यासाठी त्यांनी बोटाचा कंप घडवला. त्यात तर्जनी तारेवर रोवलेली असते, अंगठा गिटारच्या नेकवरून (दांड्यावरून) सुटलेला असतो आणि हलते ते मनगट. तार ओढून वरच्या स्वरावर जाताना सतारीवरील मींड आठव. गाठायचा स्वर आधी मनात पक्का नसेल, तर ओढ बेसूर होणारच.

एरिक क्लॅप्टन आणि मार्क नॉफ्लर यांच्यासारख्या वादकांनी हा अल्बम आदर्श मानला, आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला. त्यानंतरच्या रॉक गिटारमध्ये तारेची ती ओढ आणि तो कंप जागोजागी ऐकू येतो. मात्र माझे स्पष्ट मत असे की, बहुतेक वारसदारांनी किंग यांचे स्वर उचलले. गाणाऱ्याला बोलू देण्याचा त्यांचा संयम फार थोड्यांनी उचलला. सोलो लांबत गेले, आणि उत्तर कोणाला द्यायचे हेच हरवले.

म्हणून महिनाभर टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे दाखवणारे लेखन) बाजूला ठेव. आधी ओळ स्वतः म्हण, आवाज कसा आहे याची चिंता करू नकोस, आणि म्हणताना उजवा हात तारांपासून दूर ठेव. ओळ संपल्यावर जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच वाजव. काहीच सुचले नाही, तर ड्रम आणि बास ऐकत पुढच्या ओळीची वाट पाहा. सोबत ब्लूज गिटारवादक टी-बोन वॉकर यांची १९४७ ची मुद्रणे ऐक, कारण किंग यांना इलेक्ट्रिक गिटारची ओढ त्यांच्याच वादनाने लागली. पुढचे मुद्रण पाठवशील तेव्हा ‘स्वीट लिटल एंजल’चे एकच कडवे पाठव, गाऊन आणि वाजवून.

कळावे.