थकलेला कर, हुकलेली क्रेडिट्स

प्रश्न : माझं वय ६३. मुलाने ग्रीन कार्ड करून २०१४ मध्ये आम्हा दोघांना एडिसनला आणलं. २०१५ ते २०१८ मी एका दुकानात कॅशियर होते. त्याची १४ क्रेडिट्स (पेन्शन आणि मेडिकेअरसाठी मोजले जाणारे कमाईचे गुण) सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेच्या, साइटवर दिसतात. २०१९ आणि २०२० मध्ये एका डॉक्टर दांपत्याच्या घरी जाऊन त्यांचं बाळ सांभाळलं, ते दर आठवड्याला चेक द्यायचे. २०२१ पासून तीन मुलांना माझ्याच घरी सांभाळते. खर्च जाऊन वर्षाला १५ हजार डॉलर उरतात. २०१९ पासून आम्ही रिटर्न भरलेलं नाही. यजमान ६८ वर्षांचे, त्यांना भारतातली बँकेची पेन्शन आहे. त्यांच्या मेडिकेअर पार्ट एसाठी (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हॉस्पिटलचा भाग) सध्या महिन्याला ५६५ डॉलर जातात. भिशीतली मैत्रीण म्हणते, मागचा सगळा कर दंडासकट भरून टाक, सगळी क्रेडिट्स मिळतील. खरं का? आणि पुण्यात २४ वर्षं माझा पीएफ कापला जात होता, तो इथे धरतात का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, पीएफचं आधी उरकते. धरत नाहीत. दोन्ही देशांतली कामाची वर्षं एकत्र धरायचा करार अमेरिकेने बऱ्याच देशांशी केला आहे, भारताशी नाही. पीएफसोबतची तुमची ईपीएस पेन्शन मात्र आता आड येणार नाही. परदेशी पेन्शन असली की इथली रक्कम कापणारा नियम जानेवारी २०२५ मधल्या कायद्याने गेला.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे पैसे जातात. स्वतःच्या धंद्याच्या कमाईवर क्रेडिट हवं असेल तर ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने आणि १५ दिवसांच्या आत रिटर्न पोचावं लागतं. त्यानंतर आयआरएस (इथलं कर खातं) कर, दंड, व्याज सगळं घेते, पण सोशल सिक्युरिटीच्या खात्यात ती कमाई चढत नाही. २०२१ ची मुदत १५ एप्रिल २०२५ ला संपली. ती चार क्रेडिट्स विसरा. २०२२ ची १५ एप्रिल २०२६ ला संपते, म्हणजे हा अंक हातात पडेल तेव्हा जेमतेम काही आठवडे उरलेले असतील.

हिशेब मांडू. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट्स. २०२२ मध्ये चारांसाठी ६,०४० डॉलर कमाई लागायची, २०२५ मध्ये ७,२४०. तुमचे १५ हजार दोन्हीकडे पुरून उरतात. २०२२ ते २०२५ ची चार रिटर्न्स गेली की १६ क्रेडिट्स, आधीची १४, झाली ३०.

या तिसाला स्वतंत्र किंमत आहे, आणि ती मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. ३० ते ३९ क्रेडिट्स असलेल्या माणसाला, आणि त्याच्या जोडीदारालाही, पार्ट एचा हप्ता कमी पडतो : २०२६ मध्ये ५६५ ऐवजी ३११. महिन्याला २५४ डॉलर वाचले. चाळीस झाली की हप्ताच नाही. यजमानांनी इथे एक दिवस काम केलेलं नसलं तरी तुमच्या चाळिसांवर त्यांचं भागतं, शिवाय तुम्ही पेन्शन सुरू केलीत की त्यांना तुमच्या मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतं.

डॉक्टर दांपत्याची दोन वर्षं वेगळी आहेत, आणि मैत्रिणीला हे ठाऊक नसणार. दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्यांच्या सांगण्याप्रमाणे मूल सांभाळणारी बाई ही कायद्याने त्यांची नोकर असते. २०१९ मध्ये २,१०० आणि २०२० मध्ये २,२०० डॉलर किंवा त्याहून जास्त पगार (रोख वा चेकने) दिला, तर सोशल सिक्युरिटीचा कर कापून भरणं त्यांचं काम होतं. पगाराची नोंद मालकाने केलीच नसेल, तर वरची मुदत उलटल्यावरही ती करून घेता येते. एसएसए-७००८ हा कमाईची नोंद दुरुस्त करायचा फॉर्म भरा आणि चेक जमा झाल्याची बँकेची स्टेटमेंट्स जोडा. आठ क्रेडिट्सचा प्रश्न आहे. त्या घराशी संबंध बिघडतील ही भीती खरी आहे. ते तुम्ही ठरवा. मी असते तर आधी त्यांना फोन करून सांगितलं असतं आणि मग फॉर्म टाकला असता. ही आठ मिळाली तर ३८, आणि २०२६ च्या कमाईतून उरलेली दोन. नाही मिळाली तरी काम चालू ठेवलंत तर २०२८ मध्ये चाळीस होतात. क्रेडिटला वयाची अट नाही.

खर्च किती? १५ हजार नफ्यावर सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्यावरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर) साधारण २,१२० डॉलर. २०२२ च्या बाबतीत दंड आणि व्याज धरून साडेतीन हजारांच्या आसपास जाईल, पुढच्या वर्षांना कमी. एकरकमी जमत नसेल तर आयआरएस हप्ते बांधून देते. क्रेडिटची नोंद रिटर्नवरून होते, म्हणून पैसे जमवायच्या नादात रिटर्न अडवून ठेवू नका. न्यू जर्सीचं राज्याचं रिटर्नही सोबत.

पेन्शन किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण इथे अपेक्षाभंग फार होतो. सरासरी ३५ वर्षांची काढतात आणि तुमची पंचवीसच्या आसपास शून्यं असतील. महिन्याला तीन-चारशे डॉलरच्या घरात धरून चाला. तुमच्या बाबतीत खरा फायदा मेडिकेअरचा आहे.

२०१९ ते २०२१ चं काय? क्रेडिट मिळो न मिळो, कर देणं आहेच. रिटर्नच भरलं नसेल तर आयआरएसला मुदतीचं बंधन नसतं. व्यवहारात ते साधारण मागच्या सहा वर्षांची रिटर्न्स मागतात. नागरिकत्वाच्या अर्जात थकलेल्या कराचा प्रश्न असतोच. आणि यजमानांची पेन्शन! ग्रीन कार्डवाल्याचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं असतं, आणि भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार हा परदेशी खात्यांचा फॉर्मही. चारही रिटर्न्स ज्याच्याकडून करून घ्याल त्याला हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर सगळं दुरुस्त करत बसावं लागेल.

२०२३ पासूनची रिटर्न्स ऑनलाइन जातील. २०२२ चं आता कागदावरच पाठवावं लागेल : शेड्यूल सी (धंद्याचा नफा) आणि शेड्यूल एसई (त्यावरचा कर) जोडून, दोघांच्या सह्या करून, सर्टिफाइड मेलने. ते १५ एप्रिलच्या आत पोचेल अशा बेताने टाका, आणि पावती जपून ठेवा. उन्हाळा संपला की सोशल सिक्युरिटीच्या साइटवर जाऊन २०२२ समोर आकडा चढला का ते बघा. नसेल तर ती पावती घेऊन त्यांच्या ऑफिसात जा.